स्कूटरवरची तिसरी

आमच्या पुढच्या खोलीत टीव्हीच्या वर एक फ्रेम आहे. काचेआड लाल मखमल, मखमलीवर पितळी बिल्ला आणि बिल्ल्याखाली टाइप केलेल्या दोन ओळी: या चालकाच्या हातून एकतीस वर्षांच्या सेवेत एकही अपघात झालेला नाही. हा चालक म्हणजे माझे वडील. आम्ही त्यांना आबा म्हणतो. एसटीची सातारा–सांगली गाडी त्यांनी इतकी चालवली, की अजूनही झोपेत कूस बदलताना त्यांचा डावा पाय क्लच दाबतो. आमच्याकडे पाहुणा आला की त्याला आधी फ्रेम दाखवतात, मग पाणी देतात. फ्रेम बघून जो नुसतं "वा" म्हणतो त्याला चहा मिळतो. "एकतीस वर्षं? एकसुद्धा नाही?" असं जो विचारतो त्याला पोहेही मिळतात.

गौरी-गणपती होऊन दोन आठवडे झाले होते. मी हायस्कुलात भूगोल शिकवतो. शाळा सुटल्यावर घरी आलो तर भिंतीवर फ्रेम नव्हती. तिच्या जागी रंगाचा एक उजळ चौकोन होता. शोधाशोध केली तेव्हा ती कपाटामागे सापडली, तोंड भिंतीकडे करून उभी केलेली. वर्गात मी पोरांना असंच उभं करतो.

"आबा, फ्रेम का उतरवली?"

आबा खुर्चीत बसले होते. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. "ती आता खोटी झाली," म्हणाले आणि मोबाइल माझ्या हातात दिला.

मेसेज पोलिसांचा होता. स्कूटर आबांच्या नावावर आहे. मी वीस वर्षं ती चालवतोय, पण नावावर करून घ्यायचं माझ्याच्यानं झालं नव्हतं. त्यामुळे चलन आबांना आलं होतं. गुन्हा: ट्रिपल सीट. खाली फोटो होता. पुढे मी, पावसाच्या भुरभुरीत डोळे बारीक केलेला. सगळ्यात मागे माझी बायको, मान वाकडी करून पुढे बघणारी. आणि आमच्या दोघांच्या मधे, ताठ बसलेली, हिरव्या काठापदराच्या साडीतली आणि डोक्यावर हेल्मेट असलेली तिसरी.

"लुगडं ओळखीचं हाय," आबा म्हणाले. "तुझ्या आईचं हाय. आता बोल."

बोलायला काही उरलं नव्हतं, तरी मी बोललो. तेच इथे सविस्तर सांगतो, म्हणजे पुढचं समजेल.

आई होती तोवर गौरींना साड्या तीच नेसवायची. आमच्या दोन गौरी, ज्येष्ठा आणि कनिष्ठा. पत्र्याची धडं, खाली लोखंडी तिवई, वर शाडूचे मुखवटे. आई गेल्यावर पहिल्या वर्षी मी आणि बायकोनं मिळून साड्या नेसवल्या. त्या वर्षी आमच्या गौरी माहेरी आल्यासारख्या वाटल्याच नाहीत. बाजारातून पिशव्या उचलून दमून आल्यासारख्या दिसत होत्या. तेव्हापासून सांगलीतच विश्रामबागेत राहणाऱ्या बायकोच्या मावशींकडे त्यांना न्यायचं, तिथे साड्या नेसवून, मुखवटे बसवून, पदराला टाचण्या लावून घ्यायच्या आणि मुहूर्ताच्या आत गावभागातल्या आमच्या घरी आणायचं, असं ठरलं. आबांची अट एकच होती. "गौर रिक्षानं आली पायजे. तुझी आई रंगवलेलं मुखवटं रिक्षातनं मांडीवर घेऊन आणायची. दोन रिक्षा झाल्या तरी चालतील."

यंदाही मी रिक्षा थांबवली होती. रिक्षावाल्यानं तिवईचे पाय बघितले, मग आपलं नवं रेक्झिन बघितलं. "सर, देवाचं काम हाय, न्हाई म्हणू नये. पण न्हाई," म्हणाला आणि गेला. पुढचे दोघे थांबलेसुद्धा नाहीत. मग माझ्या भूगोलानं उचल खाल्ली. अंतर थोडं, रस्ता सरळ, स्कूटर हाताशी. ज्येष्ठेला सीटवर ठेवून बघितलं, तर तिवईचे पाय दोन्ही बाजूंना असे काही बसले, की जणू ती जन्मभर माझ्या मागेच बसत आलीय. मागून बायकोनं तिला कमरेत धरलं. एवढ्यात पावसाची भुरभुर सुरू झाली.

"अहो, मुखवट्याचा रंग ताजा आहे," बायको म्हणाली. "ओघळला तर गौर रडल्यासारखी दिसेल." आणि तिनं माझ्या डोक्यावरचं हेल्मेट काढून गौरीच्या डोक्यावर चढवलं, काच खाली ओढली. आमच्याकडे हेल्मेट एकच. ते कुणाच्या डोक्यावर असावं याचा निर्णय घरात मी घेत नाही.

ज्येष्ठेला पोचवून कनिष्ठेला आणायला परत गेलो. दोन्ही वेळा स्कूटर गल्लीच्या तोंडाशीच उभी केली आणि गौर हातात घेऊन दारी आलो. दारात आबा हळदीकुंकवाचं ताट घेऊन उभे. "रिक्षा कुठाय?" त्यांनी विचारलं. "कोपऱ्यावर सोडली, आबा," बायको म्हणाली. मी मान हलवली. बोललो नाही, म्हणजे खोटं बोललो नाही, असं मला त्या वेळी वाटलं होतं.

हे सगळं ऐकून आबांनी फोटोतली डोकी बोटानं मोजली. मग म्हणाले, "म्हंजी गाडीवर माणसं दोन होती."

"हो."

"मग तीन लिवलं ते खोटं."

"हो, पण आबा, भरून टाकू. विषय संपेल."

"भरलं म्हंजी कबूल केलं. एकतीस वर्षांत माझ्या गाडीवर एक शेरा न्हाई. कासेगावच्या उतारावर म्हैस आडवी आली, तवा पण न्हाई. आता म्हातारपणी ट्रिपल सीट?" त्यांनी कपाटाकडे हात केला. "खोटं निघंस्तवर ती तिथंच ऱ्हाईल."

त्यांना न सांगता भरावं असंही माझ्या मनात येऊन गेलं. पण भरल्याचा मेसेजही त्यांच्याच मोबाइलवर येणार होता.

वाहतूक शाखेत गेलो तेव्हा तिथल्या साहेबांनी फोटो दोन बोटांनी मोठा केला. "मधल्या बाई कोण?"

"गौर," मी म्हणालो.

"पूर्ण नाव?"

"साहेब, गौर म्हणजे आपली गौर. गणपतीतली."

साहेबांनी फोटो आणखी मोठा केला. हेल्मेटची काच खाली, त्यामुळे चेहरा दिसेना. साडी नेटकी, खांदे सरळ, हात नीट मांडीवर. "सर," ते अगदी समजुतीच्या सुरात म्हणाले, "तिघांत नीट बसलेल्या ह्याच आहेत." ते खरंच होतं. मी आणि बायको फोटोत पत्र्याचे दिसत होतो.

घरी आल्यावर आबांना ते सांगितलं. दुसऱ्या दिवशी रविवार होता. पहाटे त्यांनी मला उठवलं. "साताऱ्याला जायचं. डेपोतनं दाखला आणू, माझी नोकरी कशी झाली त्याचा." एसटीनंच गेलो. कराडपर्यंत आबा ड्रायव्हरच्या मागे दांडा धरून उभे होते. "आता तिसरा टाक... हां... आता सोड," असं हळू आवाजात म्हणत होते. ड्रायव्हर तरुण होता, भला होता. कराडला तो मागे वळून म्हणाला, "आजोबा, तुमी बसता का हितं? मी मागं उभा ऱ्हातो." आबा ओशाळले आणि साताऱ्यापर्यंत डोळे मिटून बसले. पाय मात्र हलत होता. डेपोत जुने दोघे भेटले, चहा झाला, साबुदाणा वडा झाला. दाखल्याचं काढल्यावर तिथला बाबू हसून म्हणाला, "आबा, ह्यापेक्षा मोठा दाखला तुमच्या भिंतीवर लावलाय की!"

परतीच्या वाटेवर आबा ड्रायव्हरच्या मागे उभे राहिले नाहीत.

मग लोकअदालतीची नोटीस आली. तिथे पाच-सहा टेबलं मांडलेली, प्रत्येकाला दोन मिनिटं, पुढे सरका. आमच्या टेबलावरचे वकीलसाहेब फार सज्जन. म्हणाले, "आजोबा, इथं वाद घालायचा नाही. तडजोड करायची. निम्मे भरा, केस मिटली."

"निम्मे म्हंजी?"

"म्हणजे अर्धी रक्कम माफ."

आबांनी विचार केला. "गाडीवर एक तर दोन माणसं होती, न्हाईतर तीन होती. तुमी म्हणताय अडीच."

"आजोबा, तसं नाही..."

"अडीच माणसं मी कवा बसिवली न्हाईत. आमच्याकडं अर्धं तिकीट पण अख्ख्या पोराला असायचं."

मागच्या रांगेतले लोक हसायला लागले. एक जण ओरडला, "आवं सर, न्या की त्यांना घरी, आमाला दुकान उघडायचंय!" मी आबांचा दंड धरला. त्यांनी तो सोडवून घेतला. केस साध्या कोर्टात गेली.

पहिल्या तारखेला न्यायाधीशाच्या खुर्चीवर एक तरुण मॅडम होत्या. आबा इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून पिंजऱ्यात उभे राहिले. वकील दिलाच नव्हता. "खरं सांगायला वकील कशाला?" हे आबांचं मत. पलीकडे फोटो काढणारे हवालदार उभे होते. गोल चेहऱ्याचे, घाम पुसणारे. ते काय सांगणार ते मला ठाऊक होतं असं मला वाटत होतं. तसं नव्हतं.

"मॅडम," हवालदार म्हणाले, "मी चौकात सकाळपासनं उभा. हे दोघं विश्रामबागकडं रिकामं गेलं. येताना तिघं. मी म्हटलं, सणाचा दिवस हाय, जाऊ दे. परत दोघं रिकामं गेलं. परत येताना तिघं. आणि बाई दुसरीच! साडीचा रंग वेगळा. तवा माझ्या ध्यानात आलं."

"काय ध्यानात आलं?" मॅडमनी विचारलं.

"हे वडाप करत्यात, मॅडम. स्कूटरवर."

आमच्या भागाबाहेरच्या वाचकांसाठी सांगतो. वडाप म्हणजे जीपमधे माणसं कोंबून, स्टँडच्या बाहेरून एसटीचे पॅसेंजर पळवून नेणारी गाडी. एसटीच्या ड्रायव्हरला चोर म्हटलेलं एक वेळ चालेल. आबांचे कान लाल झाले. पिंजऱ्याचा कठडा त्यांनी स्टिअरिंगसारखा दोन्ही हातांनी धरला.

"बाईसाहेब," ते म्हणाले, "मला फाशी द्या. पण वडाप म्हनू नका."

"फाशीचं कलम नाही ह्यात," मॅडम म्हणाल्या. मग फोटो बराच वेळ बघून: "ही गौर आहे असं तुमचं म्हणणं. मग पुढच्या तारखेला घेऊन या. फोटोत जशी आहे तशीच."

एवढंच त्या बोलल्या, आणि आमच्या घरी नवा खटला उभा राहिला.

"गौर विसर्जन होऊन गेलीय," बायको म्हणाली. "आता परत उभी करायची म्हणजे काय? उभी केली की आवाहन आलं, नैवेद्य आला, पुरण आलं. आणि कोर्टात पुरण कोण ठेवू देणार आहे?"

"मग काय करायचं?"

विश्रामबागेच्या मावशींना फोन लावला. त्या असल्या बाबतीत आमचं वरचं कोर्ट. त्यांनी निकाल दिला: "देवी मुखवट्यात. मुखवटा डब्यात राहू दे. खाली आहे तो पत्रा. पत्र्याला साडी नेसवायला काही हरकत नाही. तशी तर दुकानदार रोज नेसवतात."

"पण मावशी, डोकं लागेल. हेल्मेट कशावर बसवायचं?"

"तांब्या आहे ना घरात?" मावशी म्हणाल्या.

तर तारखेच्या दिवशी आमची कनिष्ठा, आईच्या हिरव्या साडीत, मानेवर तांब्याचा तांब्या उपडा घालून, त्यावर हेल्मेट चढवून तयार झाली. या खेपेला रिक्षा आबांनी स्वतः आणली. सीटवर आधी घोंगडी अंथरली, मग गौर, तिच्या शेजारी बायको. आबा पुढे रिक्षावाल्याच्या बाजूला अर्धे बसले आणि गल्लीच्या तोंडापासून "डावीकडनं... खड्डा हाय... हां, सोड आता," असं सुरू झालं. मी मागून स्कूटरवर.

कोर्टाच्या दारात तपासणी असते. मी आणि आबा एका बाजूनं आत गेलो. बायकोनं गौरीला कडेवर घेतलेलं. तिथला शिपाई मोबाइलमधे होता, त्यानं मान वर न करता सांगितलं, "लेडीज तिकडनं." लेडीजच्या बाजूच्या पोलीस ताईंनी बायकोची पर्स बघितली, मग हात पुढे करून गौरीच्या कमरेला चाचपलं. टण्ण असा आवाज आला. ताईंनी दचकून काच वर केली. आत तांब्या. त्या तांब्याकडे बघत राहिल्या, आम्ही त्यांच्याकडे.

"पुरावा आहे," मी म्हणालो.

"पुरावा कशाला नेसवलाय एवढा?" त्या म्हणाल्या. पण काच खाली करताना त्यांनी साडीचा पदर सरळ केला. तो कुणालाही सरळ करावासाच वाटतो.

बाहेरच्या बाकावर आम्ही ओळीनं बसलो. आबा, मी, बायको, टोकाला गौर. तासभर नंबर लागला नाही. शेतीच्या बांधाचा दावा घेऊन आलेला एक फेटेवाला गौरीशेजारी टेकला. थोड्या वेळानं गौरीकडे वळून म्हणाला, "ताई, वाईच सरकता का?" गौर सरकली नाही. तो थांबला. परत म्हणाला. मग माझ्याकडे बघून खालच्या आवाजात, "घटस्फोटाचं हाय काय? लय राग दिसतोय." मी काही बोलायच्या आत बायकोनं गौरीला उचलून अलीकडे ठेवलं. फेटेवाला सटकन उभा राहिला आणि आम्ही आत जाईपर्यंत उभाच राहिला.

आमचा पुकारा झाला. मी गौरीला उचलून आत नेलं आणि मॅडमच्या समोरच्या टेबलाशेजारी उभं केलं. मागचे दोन वकील उभे राहून बघायला लागले.

"हवालदार," मॅडम म्हणाल्या, "ह्याच बाई होत्या का?"

हवालदार पुढे आले. गौरीभोवती एक चक्कर मारली. घाम पुसला. "साडी हीच. हेल्मेट हेच. बसली तर सांगता येईल, मॅडम."

मग कोर्टातल्या दोन खुर्च्या आल्या. मी पुढच्या खुर्चीवर बसलो, गौरीला मागच्या खुर्चीवर तिवईचे पाय पसरून बसवलं आणि बायको तिच्यामागे उभी राहिली. मी स्कूटरचं हँडल धरल्यासारखे हात पुढे केले. हे मला कुणी सांगितलं नव्हतं. आपोआप झालं. हवालदार समोर उभे राहिले, एक डोळा मिटून बघितलं.

"हेच, मॅडम. हे तिघंच."

"वाजवून बघा," आबा पिंजऱ्यातून म्हणाले.

हवालदारांनी संकोचून बोटाच्या पेरानं गौरीच्या खांद्यावर टकटक केलं. टण्ण. परत एकदा. टण्ण. त्यांच्या चेहऱ्यावर हळूहळू जे पसरत गेलं ते बघून मला त्यांची दया आली. "म्हंजी... पैल्या खेपंची पण?"

"ती हिची थोरली भन," आबा म्हणाले.

"आवं मग वडाप न्हाई हे!"

"न्हाईच की!" आबांचा आवाज एवढा चढला की मॅडमनी टेबलावर पेन आपटलं. पण त्या हसत होत्या. हसू लपवायला त्यांनी फाइल वर धरली होती, ती उलटी होती. फाइल खाली ठेवून त्या म्हणाल्या, "गाडीवर माणसं दोनच होती, हे कोर्टाला दिसतंय. ट्रिपल सीटचा आरोप टिकत नाही."

आबांनी डोळे मिटले. मी उठायला लागलो.

"एक मिनिट," मॅडम म्हणाल्या. "हे हेल्मेट कुणाचं?"

"माझं, मॅडम."

"फोटोत ते गौरीच्या डोक्यावर आहे. आणि गौर ही व्यक्ती नाही, हे आत्ताच तुम्ही सिद्ध केलंत."

"हो, मॅडम."

"मग तुमच्या डोक्यावर काय होतं?"

मी भूगोलाचा मास्तर. वर्गात असा प्रश्न आला की पोरं छताकडे बघतात. मी छताकडे बघितलं.

"काय नव्हतं, बाईसाहेब," आबा म्हणाले. "डोक्यावर न्हाई आणि आत पण न्हाई."

मॅडम हवालदारांकडे वळल्या. "तुम्ही हेल्मेटचं चलन का केलं नाही?"

"मॅडम, म्हटलं तिघांत एकीनं तरी घातलंय. बाईमाणूस असून नियम पाळती. बरं वाटलं."

मॅडमनी मला समज दिली. हेल्मेटचं चलन मुळात केलेलंच नसल्यानं ते आता होणार नव्हतं. आबांना ते पटेना. "ह्याचं करा, बाईसाहेब. ह्याच्या नावानं करा, माझ्या न्हाई. खरं हाय ते होऊ दे." मॅडम म्हणाल्या, आजोबा, आता जा.

बाहेर आलो तेव्हा आबांची चाल बदलली होती. ड्युटी संपवून डेपोतून निघायचे तशी, हात थोडे बाहेर काढून. हवालदार मागून आले, आबांना वाकून नमस्कार केला, म्हणाले, "आबा, ते वडाप म्हनलो, ते मनावर घिऊ नका." आबांनी त्यांच्या पाठीवर थाप मारली. "तुझी नजर चांगली हाय रं. मोजायला चुकला न्हाईस. फकस्त काय मोजलं त्यात चुकलास." मग त्यांनी गौरीला रिक्षात घोंगडीवर बसवलं, बायको बसली, आबा पुढे अर्धे बसले, रिक्षा निघाली. मीही मागोमाग स्कूटर काढली.

संध्याकाळी आबांनी स्टूल मागून घेतलं. फ्रेम फडक्यानं पुसली, काचेवर हाऽ केलं, परत पुसली आणि स्वतःच्या हातानं खिळ्याला लावली. खाली उतरून ते तिच्याकडे बघत असतानाच त्यांचा मोबाइल वाजला.

त्यांनी मेसेज उघडला. मग परत स्टुलावर चढले आणि फ्रेम उतरवली.

फोटोत मी होतो. कोर्टाबाहेरच्या चौकात, भर दुपारच्या उन्हात, बोडका. हेल्मेट रिक्षात पुढे गेलं होतं, तांब्यावर. माझ्यापुढे चाललेल्या रिक्षाच्या मागच्या काचेतून ते स्पष्ट दिसतही होतं. हवालदारांची नजर चांगली होती, हे आबांनी सांगितलंच होतं.

"हे खरं हाय का खोटं?" आबांनी विचारलं.

"खरं आहे."

"मग भर."

मी तिथल्या तिथे भरलं. त्यांच्या मोबाइलवर भरल्याचा मेसेज आला, तो त्यांनी वाचला. फ्रेम मात्र कपाटामागेच गेली. "आबा, आता का?" तर म्हणाले, "अजून गाडी माझ्या नावावर हाय. तू काय काय करशील त्याला मी किती डाव कोर्टात उभा ऱ्हाऊ?"

दुसऱ्या दिवशी मी शाळेतून अर्धी रजा काढली. गाडी नावावर करायचा अर्ज, त्यावर आबांची सही, माझी सही, इन्शुरन्स, दाखले. वीस वर्षं माझ्याच्यानं न झालेलं काम दोन चकरांत झालं. आरटीओतल्या बाईंनी आबांना विचारलं, "गाडी मुलाला देताय, बरं वाटतंय ना?" आबा म्हणाले, "लय हलकं वाटतंय."

बाहेर पडताना त्यांनी कोपऱ्यावरच्या दुकानातून एक हेल्मेट घेतलं. मला वाटलं माझ्यासाठी. त्यांनी ते स्वतःच्या डोक्यावर घातलं, पट्टा लावला, काच खाली केली आणि स्कूटरवर माझ्यामागे बसले. ताठ, दोन्ही हात मांडीवर. आरशात बघितलं तर मला क्षणभर दुसरंच कुणी बसलंय असं वाटलं.

"आबा, फ्रेम आज लावायची ना?"

"गाडी कुणाच्या नावावर हाय?"

"माझ्या."

"मग लावायची."

मी थांबलो होतो. ते निघ म्हणतील याची वाट बघत होतो. एकतीस वर्षं कंडक्टरच्या दोन घंट्यांवर गाडी काढलेला आणि एका घंटीवर थांबवलेला माणूस तो, तोंडानं "चल" म्हणणं त्यांना सुचलंच नसावं. त्यांनी बोटाच्या पेरानं माझ्या हेल्मेटवर मागून दोनदा वाजवलं. टक्, टक्.

मी गाडी काढली. चौकात सिग्नलला एकदाच वाजलं. मी थांबलो.